वर म्हणजे कोणीकडे

मंगळवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी दिपमालाच्या फोनवर एकोणीस सेकंदांचा आवाजी निरोप आला. निरोप तिच्या धाकट्या भावाचा, चंदनचा होता. त्यात अहिराणीतली सात वाक्यं होती.

"अक्का, मी चांगला शे. माय कशी शे? आठे भलती थंडी शे. आम्हले आते वर लई जाई ऱ्हायनात. फोन जमा करना पडी. आबाले सांगजो, काळजी करू नका. बरं, ठेवस."

मागे एक इंजिन चालू होतं. कुणीतरी परक्या भाषेत दोनदा ओरडलं. त्यानंतर चंदनकडून काहीही आलं नाही.

चंदन सव्वीस वर्षांचा. चाळीसगाव तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला सातकुंडे नावाचं गाव आहे, तिथला. वेल्डिंगचा कोर्स केलेला. रशियात गोदामात काम आहे, असं सांगून एका एजंटानं त्याला नोव्हेंबरात पाठवलं. डिसेंबरात त्यानं सैन्याच्या गणवेशातला फोटो पाठवला. ज्या कागदावर सही केली ती भाषा त्याला वाचता येत नव्हती. फोन वरिष्ठाकडे जमा असायचा. आठ-दहा दिवसांनी दहा मिनिटांसाठी हातात मिळायचा.

दिपमाला त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. धुळ्याला भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक, म्हणजे जमिनीची मोजणी करणारी. अकरा वर्षं तिनं शेतांच्या हद्दी मोजल्या, जुने गावनकाशे उलगडले, भाऊबंदांच्या शिव्या खाल्ल्या. चंदनच्या बाबतीतही तिनं तेच केलं. त्याला नकाशावर शोधायला बसली.

इंटरनेटवर या युद्धाचा एक नकाशा आहे. कुणालाही उघडता येतो. एका सैन्याच्या ताब्यातला मुलूख लाल, दुसऱ्याचा निळा, आणि मधला, ज्याचं काही ठरलेलं नाही तो राखाडी. खाली एक पट्टी असते. ती बोटानं मागे सरकवली की रंगही मागे सरकतात, मागचा आठवडा, मागचा महिना, मागचं वर्ष. भारतातल्या वेळेनं रोज संध्याकाळी सहा वाजता त्यात नवे रंग भरले जातात. आणि कोपऱ्यात एक चौकट आहे, तिच्यावर टिचकी मारली की याच जमिनीवर १९४३ साली झालेल्या लढायांचा नकाशा वर येऊन बसतो, त्या काळच्या वाटा, त्या काळची गावं, बाण आणि तारखा यांच्यासकट.

हा जुना नकाशाच दिपमालाला उपयोगी पडला होता. जानेवारीत चंदननं एक फोटो पाठवला होता. पाठीमागे विटांची उंच पाण्याची टाकी आणि वळण घेणारे रेल्वेचे रूळ. गावाचं नाव त्यानं सांगितलं होतं, बेरेझोव्का. बेरेझोव्का म्हणजे तिकडचं पिंपळगाव. नकाशावर तिला अकरा सापडली. उपग्रहाच्या चित्रात अकरांपैकी एकाही ठिकाणी टाकी दिसेना. मग तिनं जुना नकाशा वर ओढला. अकरांपैकी एकाच बेरेझोव्कात, रुळांच्या वळणापाशी, टाकीची खूण होती. गाव सापडलं. ताज्या चित्रात त्या जागी नुसता एक काळसर गोल डाग होता. म्हणजे फोटोनंतर टाकी पडली होती.

हे तिनं घरी सांगितलं नाही.

बेरेझोव्कातून दोन रस्ते निघतात. एक उत्तरेला चौदा किलोमीटरवर वेर्ख्नी लुग नावाच्या गावी जातो. तिथे इस्पितळाची खूण आहे, मालाच्या डेपोची खूण आहे, आणि आजूबाजूला सगळं लाल, जुनं, न हललेलं. दुसरा दक्षिणेला जातो. नऊ किलोमीटरवर तो एका टेकडीला भिडतो. टेकडीला नाव नाही, नुसता उंचीचा आकडा आहे, १८७. तिथे रोज रंग बदलतो.

मंगळवारचा निरोप तिनं कार्यालयात जाण्याआधी सहा वेळा ऐकला. वर लई जाई ऱ्हायनात, वर घेऊन चाललेत. तिनं नकाशाकडे पाहिलं. वर वेर्ख्नी लुग होतं. तिनं शब्दकोशात पाहिलं, वेर्ख्नी म्हणजे वरचं. शब्दाला शब्द जुळला. तिला एकदम भूक लागल्याचं जाणवलं. उभ्याउभ्याच तिनं रात्रीची भाकरी खाल्ली, आणि आईला फोन केला.

"चंदन बरा आहे. त्यांना मागे नेलंय, इस्पितळ असलेल्या गावात. तिथे लढाई नाही."

"तठे दिन उगना का?" आईनं विचारलं. इंदिराबाई दर वेळी एवढंच विचारायची.

"उगेल आता."

निरोपाचा आवाज तिनं आईला पाठवला नाही. त्यातलं इंजिन आणि ओरडणं आईनं ऐकावं असं तिला वाटत नव्हतं.

जळगावचे वकील प्रेमराज अशा सात कुटुंबांचे अर्ज एकत्र करून दिल्लीला पाठवत होते. तिथून ते तिकडच्या अधिकाऱ्यांकडे जायचे. चंदनच्या अर्जावर अर्जदार म्हणून वडिलांचं, म्हणजे आबांचं नाव होतं, निंबा. अर्जात एक रकाना होता, 'अखेरचे ज्ञात ठिकाण'. तो आतापर्यंत कोरा होता. मंगळवारी दुपारी दिपमालानं प्रेमराजना रकान्यातला मजकूर कळवला. बेरेझोव्का, तेथून उत्तरेस वेर्ख्नी लुग.

त्या आठवड्यात ती बऱ्यापैकी झोपली.

बुधवारी कार्यालयात एक म्हातारा शेतकरी आला. हिलाल त्याचं नाव. शेजाऱ्यानं हद्दीचा दगड हलवला अशी त्याची तक्रार होती. तक्रार लिहून घ्यायला लीलाधरभाऊ बसले होते, कार्यालयातले सगळ्यात जुने भूकरमापक, जुलैत निवृत्त होणारे.

"कोणत्या बांधावरचा दगड?"

"वरल्या बांधवरना."

"नाना, वर देव राहतो. बांध कोणत्या दिशेला आहे ते सांगा."

"देव बी डोंगरवरच शे ना भाऊ!" हिलाल म्हणाला, आणि सगळं कार्यालय हसलं. दिपमालाही हसली. लीलाधरभाऊंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"हसली बुवा एकदाची. आता चहा तुझ्याकडून."

तिनं चहा मागवला.

पुढच्या बुधवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी प्रेमराज यांचा फोन आला. त्यांनी नेहमीसारखं तब्येतीचं विचारलं नाही.

"ताई, वेर्ख्नी लुगला चौकशी झाली. इस्पितळात, डेपोत, दोन्हीकडे. या महिन्यात तिथे एकही भारतीय आणलेला नाही. तसं लेखी उत्तर आहे."

दिपमालानं समोरची मोजणीची वही मिटली.

"ठिकाणात दुरुस्ती करायची असेल तर एकदाच करता येईल. उद्या चारपर्यंत. अर्जदाराच्या सहीनं."

"एकदाच का?"

"त्यांचं म्हणणं, आपण अंदाजानं गावं लिहितो. लिहितो का आपण?"

"नाही," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिनं नकाशा उघडला. वेर्ख्नी लुग तिथेच होतं, लाल, शांत. पट्टी तिनं निरोपाच्या मंगळवारवर नेली आणि एकेक दिवस पुढे आणली. टेकडी १८७ मंगळवारी निळी होती. बुधवारी राखाडी. गुरुवारी लाल. शनिवारी परत राखाडी. तिनं फोन पालथा ठेवला. मग हातातलं मोजणीचं काम पुरं केलं. आकडे तीन वेळा चुकले.

गुरुवारी सकाळी ती चाळीसगावला उतरली आणि गावाकडच्या गाडीत बसली. साडेदहाला सातकुंड्याला पोचली. ओट्यावर आई तुरीच्या शेंगा सोलत होती. आबा गोठ्याच्या दाराशी म्हशीच्या पायाला हळद लावत होते.

"आज रजा काढी का?" आबांनी विचारलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी हात धुतले.

तिनं सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. चंदन त्या गावात नाही, असं कळवलंय. दुसरं ठिकाण लिहायचं आहे. तुमची सही लागेल.

"तू ते सांगेल व्हतं, मांगे लई ग्यात म्हनीसन."

"हो."

"त्यानी तसं सांगं?"

तिनं फोन काढला आणि आबांसमोर धरला. आई उठून जवळ आली. दिपमालानं आधी आईकडे पाहिलं, मग निरोप लावला. एकोणीस सेकंद. इंजिन. ओरडणं. ठेवस.

आईनं पदर तोंडाला लावला. आबा म्हणाले, "परत लाव."

तिनं लावला.

"आते वर म्हने ना तो?"

"हो आबा. वर म्हणजे उत्तर. नकाशात उत्तर वर असते. बेरेझोव्काच्या वर ते इस्पितळाचं गाव आहे, म्हणून मी..."

"वर कोठे शे?" आबांनी विचारलं. ते रागावले नव्हते. शाळेत मास्तर विचारतो तसं विचारत होते. "आठे उभी राहीसन सांग माले. वर कोठे शे?"

तिचा हात उचलला गेला. तिनं ठरवून उचलला नव्हता. हात गोठ्यावरून, लिंबाच्या झाडावरून, कन्नडच्या घाटाकडे गेला. डोंगराकडे. दक्षिणेकडे.

सातकुंड्यात वर म्हणजे डोंगर आणि खाली म्हणजे गिरणा. वरलं शेत, वरली विहीर, वरली वाट, सगळं दक्षिणेला. खाली बाजार, खाली नदी, खाली रेल्वे, सगळं उत्तरेला. दिपमाला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत हेच बोलली होती. मग अकरा वर्षं तिनं प्रत्येक कागदाच्या डोक्यावर उत्तरेचा बाण काढला.

"तो पोऱ्या जलमभर ढोरे लईसन वर गया," आबा म्हणाले. "वर म्हनीसन कधी गिरनाकडे गया का? नकाशा दखीसन बोलना का तो?"

"फोन मिळायचा आबा त्याला मधूनमधून. नकाशा पाहिला असेल. आणि त्या गावाचं नावच 'वरचं' आहे त्यांच्या भाषेत. कुणी सांगितलं असेल त्याला, वरच्या गावाला चाललोय म्हणून."

"त्याले ती भाषा येस?"

"दोन-चार शब्द येत असतील."

"मंग तठे का नही तो?"

ती ओट्यावर बसली. तिनं फोनवर नकाशा उघडला आणि चढउतार दाखवणाऱ्या रेषा चालू केल्या. हे तिनं पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. परक्या शेतात गेल्यावर ती पहिलं तेच करायची, पाणी कुठून कुठे वाहतं ते पाहायची. बेरेझोव्कापासून उत्तरेला जमीन सपाट होती, किंचित उतरतीच. दक्षिणेला रेषा जवळजवळ येत गेल्या होत्या. रस्ता चढत चढत टेकडीला लागत होता.

ज्यानं नकाशा पाहिलेला नाही, त्यानं त्या रस्त्यावर उभं राहून दक्षिणेलाच वर म्हटलं असतं. तिनं स्वतः म्हटलं असतं.

आबा तिच्या खांद्यावरून पाहत होते. "लाल म्हंजे काय?"

"चंदन ज्यांच्याकडे आहे त्यांचं."

"निळं दुसरास्नं. आनी हाई राखोडी?"

"कुणाचं ते ठरलेलं नाही."

"बांधवरनी जमीन," आबा म्हणाले.

तिचं बोट चुकून कोपऱ्यातल्या चौकटीला लागलं आणि १९४३चा नकाशा वर आला. टेकडी तिथेही होती. आकडाही तोच, १८७. टेकडीभोवती बाण होते, उत्तरेकडून चढणारे, दक्षिणेकडून चढणारे, आणि प्रत्येक बाणापाशी तारीख. अकरा दिवसांत टेकडी पाच वेळा या हातातून त्या हातात गेली होती. उत्तरेच्या उतारावर एक लहान काळा फुलीचा शिक्का होता. दिपमालाला कुठल्याही जुन्या नकाशावर खुणांची यादी आधी पाहायची सवय होती. तिनं यादी पाहिली. फुली म्हणजे सैनिकांची दफनभूमी.

तिनं तो नकाशा घाईनं मिटवला.

"काय व्हतं ते?" आईनं विचारलं.

"जुनं आहे. ऐंशी वर्षांपूर्वीचं."

अर्जाचा कागद तिनं पिशवीतून काढला. पेन काढलं. लिहिता येईना. उत्तर खोडली की इस्पितळ गेलं, डेपो गेला, न हललेला लाल रंग गेला. दक्षिण लिहिली की चौकशी कुठल्या याद्यांत होणार, हे तिला माहीत होतं. त्या याद्या इस्पितळाच्या नव्हत्या. आणि दक्षिण चुकीची निघाली, तर तिसरी संधी नव्हती.

"आबा, चुकलं तर परत लिहिता येणार नाही."

"एकदाव चुकनं ना?" आबा म्हणाले. "तवय तुले काय पाहिजे व्हतं ते तू लिखं. आते तो काय बोलना ते लिख."

तिनं लिहिलं. 'बेरेझोव्का येथून दक्षिणेस अंदाजे नऊ किलोमीटर, उंची १८७ ची टेकडी.' अंदाजे हा शब्द तिनं आयुष्यात प्रथमच सरकारी कागदावर लिहिला. आबांनी सही केली. निंबा या शब्दातली दोन अक्षरं काढायला त्यांना बराच वेळ लागला, अनुस्वार शेवटी, जपून दिला.

"काय लिखं?" आईनं विचारलं.

"डोंगर लिखा," आबा म्हणाले.

इंदिराबाईचा चेहरा थोडा सैल झाला. "मंग बरं. डोंगरनी वाट त्याले बठ्ठी माहीत शे."

दिपमालानं कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.

दुपारी तीन पस्तीसला चाळीसगाव स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून दिपमालानं कागद पाठवला. तीन वाजून बावन्न मिनिटांनी प्रेमराज यांचा फोन आला.

"मिळाला. पुढे पाठवतोय. ताई, एवढंच विचारतो, या वेळी नक्की ना?"

"त्याची बोली नक्की आहे," ती म्हणाली. "जागा नाही."

"म्हणजे?"

"पाठवा तुम्ही."

चार वाजून पाच मिनिटांनी, फलाटावरच्या बाकावर बसून, तिनं चंदनला निरोप लिहिला. गेले नऊ दिवस ती रोज लिहीत होती आणि रोज त्यापुढे एकच खूण उमटत होती, म्हणजे निरोप निघाला, पोचला नाही. आज तिनं लिहिलं, "चंदन, वर म्हंजे डोंगरकडे ना रे?" एक खूण उमटली.

धुळ्याची गाडी यायला वेळ होता. लीलाधरभाऊंचा फोन आला. उद्याच्या मोजणीला ती येणार का, हे विचारायला. त्यांनी फोन खरं तर दुसरंच विचारायला केला होता, हे तिला कळलं.

"भाऊ, तुम्ही मला शिकवलं, वर-खाली लिहायचं नाही, दिशा लिहायची."

"हो. मग?"

"वर कुठे, ते आधी विचारायचं असतं ना?"

"बांधावर उभं करून विचारायचं," ते म्हणाले. "आपण कागदावर विचारतो. घरी ये बाई आता."

सहा वाजता नकाशात नवे रंग आले. वेर्ख्नी लुग होतं तसंच. टेकडी १८७ राखाडी होती. तिच्यावर एक नवी ओळ होती, दोन्ही बाजूंचा दावा, पडताळणी झालेली नाही.

सहा वाजून सतरा मिनिटांनी फोन थरथरला. कुणाचा निरोप नव्हता. नऊ दिवसांच्या तिच्या सगळ्या निरोपांपुढे एकाच वेळी दुसरी खूण उमटली होती. चंदनचा फोन कुठेतरी सुरू झाला होता.

तिनं लगेच फोन लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. तिनं परत लावला. चौथ्या वेळी घंटी मध्येच तुटली, कुणीतरी बोटानं तोडावी तशी.

फोन चंदनच्या हातात आहे, वरिष्ठाच्या, की आणखी कुणाच्या, हे कळायला मार्ग नव्हता. तिनं आबांना फोन केला नाही. प्रेमराजना एक ओळ पाठवली, वेळेसकट.

सहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी धुळ्याची गाडी सुटली. निरोपांपुढे दोन खुणा होत्या. निरोप वाचला की त्या निळ्या होतात. तोपर्यंत त्या राखाडीच होत्या.